ओमानचा वायू, शेतातला युरिया

तेल आणि वायूवर जगणाऱ्या देशाला भाव पडले की फटका बसतोच. म्हणून ओमानने वायूपासून खत करायचं ठरवलं. सूर इथल्या कारखान्यात २००५ पासून नैसर्गिक वायूतला हायड्रोजन आणि हवेतला नायट्रोजन यांचा अमोनिया होतो. त्याची कार्बन डायऑक्साइडशी प्रक्रिया झाली की पांढरा, दाणेदार युरिया तयार. त्यात ४६ टक्के नायट्रोजन. वर्षाची क्षमता सुमारे साडेसोळा लाख टन. निम्मी भागीदारी इफ्को आणि कृभको या आपल्या सहकारी संस्थांची. इथला युरिया वर्षानुवर्षं भारतात आला. मात्र या खताचा कच्चा मालही वायूच. त्यामुळे ऊन-वाऱ्याच्या विजेवर होणाऱ्या हरित अमोनियाकडे ओमानने आता नेटाने वळायला हवं.