मधुमेह, दाह आणि मूत्रपिंडे
(वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने मला आरोग्यविषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. मी डॉक्टर नव्हे. जन्मभर खडू झिजविलेला मॅट्रिक शिक्षक आहे. परंतु स्वतः मधुमेही असल्यामुळे ह्या विषयाचा पाठपुरावा करणे मला भाग पडले.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्या सर्व मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात व त्यांतील बहुतेक पुन्हा रक्तास परत करतात. रक्तातील साखर वर्षानुवर्षे चढलेली राहिली म्हणजे ह्या गाळण्यांस इजा पोहोचते. मधुमेह्यांच्या मूत्रपिंडांत आढळणाऱ्या विशिष्ट गाठींचे वर्णन किमेलस्टील व विल्सन यांनी १९३६ साली केले. साखर व रक्तदाब यांच्या जोडीस ह्या नाशात दाहाचाही वाटा असतो, असे आता दिसून आले आहे.

बोटास जखम झाली की ते लाल होते, ठणकते. तो दाह डोळ्यांस दिसतो. मूत्रपिंडातील दाह मात्र राखेखालच्या निखाऱ्यासारखा असतो. वेदना नाही, ताप नाही. त्याच्या खुणा रक्तात सापडतात. यकृतात तयार होणारे सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन ही त्यांपैकी एक खूण. ती १९३० पासून ठाऊक आहे. बोस्टन येथील जोस्लिन मधुमेह केंद्रातील संशोधकांनी २०१२ साली असे दाखविले की, ज्या मधुमेह्यांच्या रक्तात टीएनएफ नावाच्या दाहकारक द्रव्याचे ग्राहक अधिक, त्यांची मूत्रपिंडे पुढे निकामी होण्याचा संभव पुष्कळ अधिक. २०१९ साली अशाच १७ प्रथिनांचा समूह प्रसिद्ध झाला.

तथापि ह्या खुणांवर विसंबून राहू नये. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन पडशाने वाढते, किडक्या दाताने वाढते. ते वाढले म्हणून मूत्रपिंड बिघडले असे होत नाही, आणि वाढले नाही म्हणून ते निर्दोष ठरत नाही. गृहस्थाश्रमी माणसास उपयोगी परीक्षा दोनच: लघवीतील अल्ब्युमिन आणि रक्तातील क्रिएटिनिन. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे अल्ब्युमिन ३० मिलिग्रॅम किंवा अधिक पुन्हा पुन्हा आढळले, तर तो इशारा समजावा. क्रिएटिनिन उशिरा चढते. निम्मी शक्ती गेली तरी ते कधी कधी साधारण दिसते. म्हणून दोन्ही परीक्षा दरवर्षी कराव्यात.

दाह म्हटला की दाहशामक गोळी, असा तर्क कोणी करू नये. गुडघेदुखीसाठी आपण सर्रास घेतो त्या वेदनाशामक गोळ्यांपैकी अनेक मूत्रपिंडास अपायकारक आहेत. उलट रक्तदाबाची काही औषधे व अलीकडची मधुमेहाची काही औषधे मूत्रपिंडाचे रक्षण करतात. मात्र ती वेळेवर मिळावी लागतात.

आता एक कटू गोष्ट बोलतो, क्षमा असावी. सोयरीक मोडेल ह्या भीतीने आपल्या ज्ञातीत मधुमेह लपविला जातो. लपविलेल्या रोगाची परीक्षा होत नाही. सुनांची तर सर्वांच्या शेवटी होते. पुढे मूत्रपिंड निकामी झाल्यावर तेच लपविणारे आप्त आई-बहिणीकडे मूत्रपिंड मागावयास येतात. ही लाज आपल्याला फार महाग पडते.

मंडळास माझी नम्र विनंती आहे की, पुढील संमेलनात बक्षीससमारंभापूर्वी एक तास लघवी व रक्त तपासणीसाठी राखून ठेवावा, आणि प्रथम नावे स्त्रियांची लिहावीत.