मातीतला सोमल



लिहिलेले चुकले तर आपण रेघ मारतो. पूर्वी पोथी लिहिणारे त्यावर हरताळ फासत. पिवळी पूड असे ती. त्यावरूनच आपण म्हणतो, अमक्याने कामाला हरताळ फासला. आता आम्ही विचारतो, त्या हरताळात जहर असते, हे किती जणांना ठाऊक आहे? त्या जहराला आर्सेनिक म्हणतात. उंदीर मारायचा सोमल असतो ना, तोही ह्याचाच.

हे जहर मुळात खडकातले. नदीकाठच्या मातीत ते दोन वाटांनी येते. एक वाट माणसाने काढली, दुसरी निसर्गाची.

माणसाची आधी बघा. इंग्लंडात टेमर नावाची नदी आहे. तिच्या दरीत १८४४ साली तांब्याची मोठी खाण निघाली. तांबे सरत आले, तसे मालक तिथल्याच आर्सेनिककडे वळले. खनिज भट्टीत भाजायचे, धूर लांब वाकड्या बोगद्यांतून फिरवायचा. भिंतींना पांढरी पूड धरे, ती मजुरांनी खरवडायची. मजूर नाकात कापूस घालत, तोंडाला फडके बांधत, उघड्या अंगाला चिकणमाती फासत. झाले त्यांचे रक्षण! खाण बंद पडून शंभरावर वर्षे झाली. पण टाकाऊ मालाच्या ढिगांवर अजून कित्येक जागी गवताची काडी उगवत नाही. त्या दरीतल्या मातीत थोडे आर्सेनिक आधीपासून होतेच, खालचा खडकच तसा. खाणीने ते उकरून वर पसरले.

आता दुसरी वाट. पश्चिम बंगाल अन् बांगलादेशात अशी खाण कोणी खणली नाही. हिमालयाचा खडक झिजतो, गंगा-ब्रह्मपुत्रा त्याचा गाळ आणतात. गाळाच्या कणांवर लोखंडाचा गंज असतो, त्याला आर्सेनिक चिकटून राहते. तोवर ठीक. पण गाळात झाडपाला गाडला जातो, तिथे हवा पोचत नाही. मग बारीक जंतू तो गंज विरघळवतात, आणि आर्सेनिक सुटून पाण्यात उतरते.

तिथले लोक तळ्याचे पाणी पीत. पटकी, हगवण होई. ती टळावी म्हणून गावोगाव हापसे बसवले. पाणी कसे, नितळ! पुढे माणसांच्या अंगावर काळे डाग आले, तळहात-तळपाय खरखरीत झाले. काहींना कर्करोग झाला. १९८३ साली कलकत्त्याचे डॉक्टर के. सी. साहा यांनी असे रोगी ओळखले, तेव्हा हापशाकडे बोट गेले. भल्यासाठी केलेली गोष्ट, आणि हे असे व्हावे!

आम्हाला कोणी विचारील, "गुरुजी, पाणी उकळले तर?" नाही. उकळून पाणी आटते, जहर तेवढेच राहते. त्याला वास नाही, चव नाही, रंग नाही. पाणी तपासूनच कळते.

बंगाल दूर आहे म्हणाल, तर आपल्या गडचिरोलीला लागून छत्तीसगड आहे. तिथल्या कौडीकसा गावच्या पाण्यातही आर्सेनिक सापडले, तेही खडकातलेच.

बांगलादेशात हापसे तपासून रंगवले. जहर जास्त, तो लाल. बरा, तो हिरवा. लाल हापशाचे पाणी कपडे धुवायला चालते, पिण्या-रांधण्याला नाही. एकाच गावात एक हापसा लाल निघतो आणि जवळचाच दुसरा हिरवा. बायका घागर घेऊन दारचा लाल सोडतात, अन् हिरव्यापर्यंत चालत जातात.