शंभर दाणे मोजा



आमच्या गावच्या प्रौढ वर्गात एक मावशी येत असत. शंभरापर्यंत मोजता आले त्या रात्री त्यांनी विचारले, "गुरुजी, शंभर मोजायला आलं. आता मोजायचं काय?"

आम्ही म्हणालो, "पैसे मोजा."

मावशी म्हणाल्या, "मोजायला आधी गाठीला असावेत ना!"

सारा वर्ग हसला. आम्ही मात्र गप्प झालो. मावशींच्या प्रश्नाचे खरे उत्तर आम्हांला पुढे शेतानेच दिले. तेच आज सांगतो.

आमचे चार एकर रान आहे. खरिपात सोयाबीन घ्यायचे आणि विहिरीला पाणी असले तर मागून गहू, अशी आमची रीत. २०१९ साली ऐन काढणीत परतीचा पाऊस झाला. सोयाबीन भिजले. आम्ही ते वाळवले, मळले आणि त्यातलेच बियाण्याला ठेवले. दाणे वरून बरे दिसत होते. २०२० च्या जूनमध्ये चांगला पाऊस झाला, वाफसा आला, आम्ही पेरले. सातव्या दिवशी रानात गेलो, तर तासात कोठे कोठे एखादे रोप! माती उकरून पाहिली. दाणे कुजलेले. त्या साली मराठवाड्यात आणि विदर्भात कितीतरी शेतकऱ्यांवर हीच पाळी आली. दुबार पेरणी करावी लागली. बियाणे गेले, खत गेले, मजुरी गेली. सगळ्यांत वाईट म्हणजे पेरणीचे चांगले दिवस गेले.

आम्ही जन्मभर मुलांना गणित शिकवले, पण आपल्याच पोत्यातले शंभर दाणे कधी मोजले नाहीत. ही चूक आमची. तुम्ही ती करू नका.

सोयाबीनचा दाणा फार नाजूक असतो. त्याची साल पातळ. कोंब सालीच्या अगदी खाली असतो. काढणीत पाऊस लागला, मळणी यंत्र जोरात फिरवले, पोते उंचावरून आपटले, की आतला कोंब मरतो. दाणा मात्र वरून धडधाकट दिसतो. म्हणून नुसत्या डोळ्यांवर विश्वास ठेवू नये.

मग काय करावे? मे महिन्यातच परीक्षा घ्यावी. तिला पैसा लागत नाही. पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून मूठमूठ दाणे घ्या. चांगले चांगले निवडू नका. हाताला येतील ते शंभर मोजा. गोणपाटाचा तुकडा ओला करून पिळून घ्या. त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडा. वरून दुसरा ओला तुकडा घाला. गुंडाळी करून सैल बांधा आणि सावलीत ठेवा. रोज थोडे पाणी शिंपडा. गोणपाट ओले राहावे, पण पाणी साचू नये. सहा-सात दिवसांनी उघडा. ज्यांना धड मूळ आणि धड कोंब आला, तेवढेच मोजा. मोडके, कुजके धरू नका.

आता हिशेब पाहा. शंभरात ७० किंवा जास्त उगवले, तर बी पेरणीजोगे. एकरी ३० किलो पुरे. ६५ उगवले तर एकरी सुमारे ३२ किलो घ्या. ६० उगवले तर ३५ किलो. त्याहून कमी आले, तर ते बी पेरूच नका. बाजारात घाला आणि दुसरे बघा. बियाण्याला औषध चोळायचे ते या परीक्षेनंतर. औषध लावलेले दाणे माणसाने खाऊ नयेत, जनावरांना घालू नयेत.

गव्हाचीही परीक्षा अशीच घ्यावी. त्याचे शंभरात ८५ तरी उगवायला हवेत. सोयाबीन आणि गहू यांच्या सरळ वाणांचे बी चांगले जपले तर दोन-तीन वर्षे घरचे चालते. संकरित मक्याचे मात्र दरवर्षी नवेच घ्यावे. घरचे धरले तर पुढचे पीक एकसारखे येत नाही आणि उतारा घटतो.

बी विकत आणले तरी शंभर दाणे मोजाच. पिशवीवरचे लेबल वाचा. प्रमाणित बियाण्याला निळी खूणचिठ्ठी असते. लेबलावर वाण, उगवणीचा आकडा आणि मुदत छापलेली असते. पावती, चिठ्ठी, पिशवी आणि मूठभर बी जपून ठेवा. उगवले नाही तर तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करताना हेच कामी येते.

बी चांगले असले तरी पेरणीची घाई करू नका. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या. बी ३ ते ४ सेंटिमीटर, म्हणजे दोन बोटांच्या रुंदीएवढेच खोल पडावे. जास्त खोल गेले तर चांगला कोंबही वर येत नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात वर्गात आम्ही सगळ्यांकडून शंभर-शंभर दाणे मोजून घेतले. आठवड्याने मावशी आपली गुंडाळी घेऊन आल्या. सगळ्यांसमोर त्यांनी कोंब मोजले. ५८ भरले. दुसऱ्या दिवशी त्यांचे थोरले चिरंजीव आमच्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, घरचं बी असताना आई पेरू देत नाही. चिंध्यांत बांधून काय कळतं?"

आम्ही म्हणालो, "आईचं ऐका. त्या मोजून सांगताहेत."

त्यांनी बी बदलले. नव्या बियाण्याचे मावशींनी पुन्हा शंभर मोजले, तेव्हा ८१ उगवले. त्या पावसाळ्यात त्यांचे रान एकाच पेरणीत भरले. दुबार पेरणीला पैसा काढायची वेळ आली नाही.

तर मंडळी, आता तुम्हांला आकडे आले आहेत. ते पाटीवरच ठेवू नका. घरी जा, पोते सोडा आणि मोजायला बसा. पाऊस यायच्या आत तुमच्या शंभरातले किती उगवतात, ते तुम्हांला ठाऊक असले पाहिजे.