जनावर वितेवेळी घाई नको



गाय नऊ महिने नऊ दिवसांनी आणि म्हैस दहा महिने दहा दिवसांनी विते, हा जुन्या माणसांचा हिशेब बरोबर आहे. थोडे दिवस मागेपुढे होतात, इतकेच. पण दिवस भरल्याची वर्दी देतो कोण? तर पोटातले वासरूच!

वाढ पुरी झाली की वासराच्या अंगात कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक, म्हणजे हार्मोन वाढते. त्यामुळे गाभ धरून ठेवणारे प्रोजेस्टेरॉन उतरते आणि इस्ट्रोजेन चढते. शेपटीच्या मुळाजवळ दोन्ही बाजूंना खड्डे पडतात, कास भरते, निरण सुजते, चिकट स्राव लोंबतो. अशा वेळी जनावर कोरड्या, निवांत जागी बांधा.

मग गर्भाशयाचे तोंड हळूहळू उघडते. याला साधारण 2 ते 6 तास लागतात, पहिलारू असेल तर जास्त. वासरू वाटेत येऊन दाब पडला की ऑक्सिटोसिन सुटते आणि जोराच्या कळा येतात. आधी वाट मोकळी, मग जोर, असा हा क्रम आहे. गोठ्यात गर्दी, आरडाओरड झाली की जनावर बुजते आणि कळा मंदावतात.

काही जण उशीर झाला की कुणाकडून तरी कळांचे इंजेक्शन टोचून घेतात. असे मुळीच करू नका. तोंड उघडले नसेल, वासरू आडवे असेल किंवा गर्भाशयाला पीळ पडला असेल (म्हशीत हे बरेचदा होते), तर वाट बंद आणि जोर मात्र वाढतो. गर्भाशय फाटून म्हैस आणि रेडकू दोन्ही हातचे जातात.

पशुवैद्यकांना केव्हा बोलवावे?

1. 6 तास अस्वस्थ राहूनही पाणमोट दिसली नाही तर.
2. पाणमोट दिसल्यावर तासाभरात वासरू पुढे सरकले नाही तर.
3. कळा येऊन मध्येच थांबल्या तर.
4. दोन पाय व त्यांवर नाक, असे न दिसता एकच पाय किंवा नुसते शेपूट दिसले तर.

व्याल्यावर वार पडण्याची वाट न पाहता तासाभरात वासराला चीक पाजा. वासरू कासेला लागले की पुन्हा ऑक्सिटोसिन सुटते, पान्हा येतो आणि वार पडायलाही मदत होते. वार ओढू नका, तिला वजन बांधू नका. 12 तासांत पडली नाही तर दवाखान्यात कळवा.