गाईला विष घालणारा भाऊ
(गांवच्या वाचनालयांत एका शिक्षकानें केलेलें भाषण)



प्रेमचंदांची 'गोदान' ही हिंदी कादंबरी १९३६ सालीं प्रसिद्ध झाली. अवध प्रांतांतील बेलारी गांवच्या होरी नांवाच्या शेतकऱ्याची ती कथा. होरीविषयीं सारेच बोलतात. मी आज त्याचा धाकटा भाऊ हिरा याजविषयीं चार शब्द बोलणार आहें.

होरीनें भोला गवळ्याची ऐंशी रुपयांची गाय उधारीवर आणली. भावाभावांच्या वांटण्या आधींच झाल्या होत्या. हिराच्या मनानें घेतलें कीं, एकत्र असतांना दादानें पैसा दाबला, त्यांतलीच ही गाय! वास्तविक होरी कर्जांत बुडालेला. तरी हिरानें रात्रीं गाईला विष घातलें आणि तो परागंदा झाला.

पण त्याला नुसता दुष्ट म्हणून सोडूं नका. त्याच्या दावणीला गाय असती, तर भावाची गाय त्याच्या डोळ्यांत सलली असती काय? सारा जमीनदार नेई, व्याज सावकार नेई. त्यांचा हिशेब मागण्याची हिराची छाती नव्हती. राग निघाला तो भावावर!

यांत साधलें कोणाचें? दारोगा चौकशीस आला, तेव्हां होरीस कर्ज काढावयास लावून त्याला लांच देण्यास गांवचे पुढारी सरसावले. त्यांत त्यांचाही हिस्सा होता. धनियानें, होरीच्या बायकोनें, तो बेत मोडला.

होरीनें हिराला गाईजवळ पाहिलें होतें. तरी त्याला वांचविण्यासाठीं त्यानें पोराच्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ घेतली आणि हिराच्या बायकोची शेतीही संभाळली. पुढें हिरा वेड्यांच्या इस्पितळांतून सुटून परत आला व भावाच्या पायां पडला. होरीनें क्षमा केली. पण लागलीच मजुरी करतांना उन्हाची झळ लागून होरी कोसळला. त्या वेळीं गोदान करा, असें रडत सांगणारा कोण? तर तोच हिरा! घरांत गाय कोठली? धनियानें सुतळी विकून आलेले वीस आणे पुढें केले.

बाबांनो, वांटणीचा हिशेब सर्वांदेखत मांडा. संशय आला तर तोंडावर बोला. “दादा, गाईचे पैसे कोठून आणलेस?” एवढें हिरानें विचारलें असतें, तर कदाचित् ती गाय वांचली असती.