नांगर, वसतिगृह आणि शेजाऱ्याचा शब्द
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका भाषणाचा मजकूर)



नवा विचार समाजात पसरतो तो त्याच्या खरेपणाच्या बळावर, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अनुभव मात्र निराळा आहे. खरा विचारही वर्षानुवर्षे उंबरठ्याबाहेर तिष्ठत राहतो आणि मग एखाद्या ओळखीच्या माणसाच्या बोटाला धरून घरात येतो. बेळगावपासून साताऱ्यापर्यंतच्या टापूतच याचा उत्तम दाखला मिळतो.

१९०३ च्या सुमारास लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर तयार केला. तो लाकडी नांगरापेक्षा खोल जाई. तरीही शेतकरी त्याला हात लावीनात. लोखंडाने जमिनीत विष भिनेल, अशी त्यांची धास्ती होती. पहिला नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली, असे सांगतात. त्या शेतकऱ्यांना अडाणी ठरविणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. जमिनीचा एक तुकडा आणि पावसाचा एक हंगाम एवढेच ज्याचे भांडवल, त्याचा प्रयोग फसला तर वर्षाचे अन्न जाते. कारखानदाराचा माल पडून राहिला तर पुढील साली विकता येतो. शेतकऱ्याचा हंगाम परत येत नाही. संशय हे त्याचे कवच होते.

अमेरिकेतही निराळे घडले नाही. आयोवा राज्यातील शेतकऱ्यांनी संकरित मक्याचे बियाणे कसे स्वीकारले, याचा रायन आणि ग्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांचा अभ्यास १९४३ मध्ये प्रसिद्ध झाला. बियाण्याची वार्ता बहुतेकांना प्रथम विक्रेत्याकडून कळली होती. पण ते पेरण्याचा निर्णय घेताना शेजाऱ्याच्या अनुभवाला अधिक वजन आले. वार्ता कळली म्हणून कोणी लगेच सारे शेत त्याखाली आणले नाही. आधी थोड्या जमिनीत पेरून पाहिले, मग क्षेत्र वाढविले. माहिती परका देऊ शकतो, विश्वास बहुधा बांधावरचा माणूसच देतो.

१९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलजवळ किर्लोस्करवाडी वसली. पुढे हेच नांगर घेऊन गावोगाव हिंडणाऱ्यांमध्ये एक तरुण होता. त्याचे शालेय शिक्षण मॅट्रिकपूर्वीच थांबले होते. हा तरुण म्हणजे भाऊराव पायगोंडा पाटील, जन्म कुंभोज, २२ सप्टेंबर १८८७. शेतकऱ्याच्या अंगणात बसून, त्याच्याच भाषेत, त्याची शंका काढून टाकण्याची विद्या त्यांना या फिरतीत मिळाली. कोणत्याही महाविद्यालयात ती शिकवीत नसत.

त्यांच्या आयुष्याला वळण देणारी घटना मात्र त्याआधीची, कोल्हापुरातील. राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने १९०१ मध्ये तेथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग आणि दिगंबर जैन बोर्डिंग सुरू झाले. पुढील काही वर्षांत मुस्लिम, लिंगायत आणि इतर समाजांची वसतिगृहे उभी राहिली. एका समाजाची मुले शहरात राहून शिकू लागली की दुसऱ्या समाजातील धुरीणांना आपल्या मुलांची चिंता लागे. ईर्ष्येनेही चांगली कामे होतात, हे येथे मान्य करावे लागते. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग स्थापन झाले. त्याच्या समारंभास जैन बोर्डिंगमधील विद्यार्थी भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले. अशा स्मरणिकांतून कर्मवीरांचे छायाचित्र अभिमानाने छापले जाते; ही हकीकत मात्र क्वचितच त्याच्याशेजारी येते. ज्या संस्थेने नवी प्रथा उचलून धरली, तीच त्या प्रथेची पुढची पायरी चढताना अडखळली.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातील काले येथे भाऊरावांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ मध्ये साताऱ्यात त्यांनी वसतिगृह उघडले ते सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी. येथे नांगराची विद्या कामी आली. सर्व जातींची मुले एका पंक्तीत जेवतात, हे पटवून देण्यासाठी व्याख्यान पुरेसे नव्हते. ते लोकांना डोळ्यांनी पाहावे लागले. मुले स्वयंपाक करीत, शेतात राबत आणि शेजारी शेजारी बसून जेवत. गावोगावच्या घरांतून मूठ मूठ धान्य गोळा होई, आणि ज्या घराने मूठभर ज्वारी दिली त्या घराला ते वसतिगृह थोडेसे आपले वाटू लागे. देणगीदारापेक्षा वाटेकरी अधिक टिकतो, हे भाऊरावांनी अचूक ओळखले होते.

तरीही सारा भार मुठीवर चालला नाही. कोठीत धान्य नसे तेव्हा लक्ष्मीबाईंचे दागिने मोडले जात, आणि एके प्रसंगी मंगळसूत्रही गेले. सोवळ्याच्या वळणात वाढलेल्या या माउलीने सर्व जातींच्या मुलांना जेवू घातले. नवी चाल रुजली ती भाषणांच्या मंचावर कमी आणि या चुलीजवळ अधिक.

२५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना महाविद्यालयापर्यंत पोहोचली. ९ मे १९५९ रोजी भाऊरावांचे निधन झाले तेव्हा निरनिराळ्या जातींच्या मुलांनी एका पंक्तीत जेवणे ही रयतच्या वसतिगृहांत रोजची गोष्ट होऊन गेली होती, आणि लोखंडी नांगराने जमीन नासते असे म्हणणारा शेतकरी या टापूत शोधूनही सापडला नसता.