शहरातील रेडिओलहरींचा माग



बोलता बोलता आवाज तुटला म्हणून मोबाइल फोन घेऊन खिडकीकडे धावणारा माणूस आपण सर्वांनी पाहिला आहे. त्या धावण्यामागील शास्त्राविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

मोकळ्या अवकाशात हिशेब सरळ असतो. अंतर दुप्पट झाले की हाती येणारी शक्ती एकचतुर्थांश होते. शहरात हे गणित मोडते. मनोरा बहुधा दृष्टीआड असतो. लहर गच्चीच्या कडेवरून वाकून रस्त्यात उतरते, समोरच्या भिंतीवरून परावर्तित होते. अशा नाना वाटांनी आलेल्या लहरी कोठे परस्परांस बळ देतात, तर कोठे परस्परांस पुसून टाकतात. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर. तेव्हा वीतभर सरकण्यानेही फरक पडावा, यात नवल नाही.

प्रत्येक भिंतीचा हिशेब कोण मांडणार? जपानच्या योशिहिसा ओकुमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नाद सोडला. टोकियो व भोवतालच्या प्रदेशात त्यांनी प्रत्यक्ष मोजमापे घेतली आणि त्यांवरून काढलेले आलेख १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. १९८० मध्ये मासाहारू हाता यांनी ते आलेख सूत्रबद्ध केले. या सूत्रानुसार अँटेना ३० मीटर उंचीवर असल्यास, अंतर दुप्पट होताच शक्ती सुमारे अकराव्या हिश्शावर येते; २०० मीटरवर असल्यास आठव्या हिश्शावर. उंचीचे मोल यावरून कळावे. ९०० मेगाहर्ट्झला उपनगरात मिळणारी शक्ती तर दाट वस्तीच्या सुमारे दसपट!

मात्र या सूत्रात एकही भिंत नाही, एकही गल्ली नाही. ते मध्यक सांगते. म्हणजे निम्म्या जागी त्याहूनही कमी शक्ती पोहोचते. शिवाय ते १ ते २० किलोमीटर अंतरासाठी आणि ३० ते २०० मीटर उंचीच्या अँटेनासाठी रचलेले. दाट वस्तीतील पुष्कळसे मनोरे याहून जवळ असतात. १९८८ मध्ये वॉल्फिश आणि बर्टोनी यांनी छपरांची उंची व इमारतींच्या रांगांमधील अंतर हिशेबात घेतले, ही मोठीच सुधारणा. परंतु त्यांची कल्पना समांतर रांगांची. आपल्या जुन्या पेठांत रांग कसली? दगडी वाडा, आत चौक, त्यामागे बोळ, आणि बोळ जेथे वळतो तेथे देऊळ. टोकियोचे आकडे येथे जसेच्या तसे लावणाऱ्याचा नकाशा निर्दोष दिसेल. माजघरातील आजीबाईंना मात्र लेकाचा आवाज ऐकू येणार नाही. म्हणून अभियंत्याने ग्राहकयंत्र घेऊन या बोळांतून हिंडावे, मिळालेल्या आकड्यांनी सूत्र दुरुस्त करावे आणि मगच मनोऱ्याची जागा ठरवावी.